गरीब वस्तीतील मूल : मराठी साहित्यातील शरीर आणि शाळा

१

पुण्यातील जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. मराठी गद्याच्या इतिहासात या निबंधाची नोंद आता आदराने केली जाते. जातिव्यवस्थेविरुद्ध उमटलेला एका शाळकरी मुलीचा स्वर म्हणून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यातील दुसऱ्या एका विशेषाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. विद्येची महती सांगू लागलेली ही विद्यार्थिनी पाहता पाहता शरीराविषयी बोलू लागते. छप्पर नसलेल्या जागी, थंडीपावसात होणारी बाळंतपणे. त्यात एखादा रोग जडलाच, तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणावा हा प्रश्न. वरच्या जातींच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले, तरी त्यांच्याच घरचे उष्टे मागून आणावयाचे असल्यामुळे तक्रार न करणारी मुले. हे सारे त्या लहानशा निबंधात आहे. ज्या मुलीला लिहिणे-वाचणे नुकतेच साध्य झाले होते, तिने आपल्या पहिल्याच लेखनात पाटी आणि पोट, अक्षर आणि औषध यांचा उच्चार एका श्वासात केला.

मुक्तेच्या लेखी विद्या आणि आरोग्य हे दोन निरनिराळे विषय नव्हते. पुढे राज्यकारभाराने त्यांची दोन खाती केली, आणि साहित्यानेही कळत-नकळत तीच वाटणी मान्य केली. एका बाजूस भुकेचे, रोगाचे आणि मरणाचे साहित्य निर्माण झाले. दुसऱ्या बाजूस शाळेचे, पुस्तकाचे आणि उद्धाराचे. शहरातील गरीब वस्तीत वाढणारे मूल मात्र या दोन्ही बाजूंच्या मधोमध उभे असते. ते ज्या दिवशी तापाने अंथरुणावर असते, त्याच दिवशी ते शाळेत गैरहजर असते. मराठी साहित्याने या मुलाला किती जवळून पाहिले, आणि जेथे पाहिले नाही तेथे त्या न पाहण्याचा साहित्याच्या गुणवत्तेवर काय परिणाम झाला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

मराठी वाचकाच्या मनातील गरीब मुलाची प्रतिमा घडविण्यात साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. कोकणातील एका सुस्थित घराण्याला उतरती कळा लागते, कर्जापायी राहते घर जाते, मुलगा शिक्षणासाठी परगावी राहतो, आणि तो दूर असतानाच आई आजारात खंगून जाते. आजार आणि शाळा यांची गाठ येथेही पडलेलीच आहे. श्यामच्या दुःखाचा सर्वांत तीव्र क्षण म्हणजे त्याला घरी पोहोचण्यास झालेला उशीर. आणि तो उशीर शिक्षणासाठी घर सोडल्यामुळे झालेला आहे. तथापि या पुस्तकाचा रोख दारिद्र्याच्या कारणांकडे नसून त्या दारिद्र्यात आईने केलेल्या संस्कारांकडे आहे. गरिबी हीच तेथे एक शाळा बनते. आई ही तिची शिक्षिका, आणि अभाव हा तिचा अभ्यासक्रम.

या प्रतिमेची शक्ती नाकारण्याचे कारण नाही. मराठी घराघरांत या पुस्तकाने जी कोमलता पेरली, तिचे ऋण मोठे आहे. पण हीच प्रतिमा शहरातील वस्तीवर लादली, की ती दिशाभूल करू लागते. श्यामचे घर गेले तरी त्याचे नाव गेलेले नाही. कुळ, गाव, ओळख ही त्याच्या पाठीशी आहेत. शाळेच्या दारात त्याला कोणी 'तू कोठला?' असे विचारले, तर त्याच्याजवळ उत्तर आहे. गिरणगावातील एका खोलीत चार बिऱ्हाडांबरोबर राहणारे, गोदीमागच्या चाळीत किंवा रेल्वेच्या रुळांलगत झोपडीत वाढणारे मूल या प्रश्नाला अडखळते. त्याची आई सकाळी कामाला बाहेर पडते; तिचा संस्कार, असलाच तर, रात्री दमल्या अंगाने होतो. पाण्याच्या नळाला रांग लावणे हे मुलाचे काम असते, आणि नळाला पाणी येण्याची वेळ शाळेच्या घंटेकडे पाहून ठरत नाही. धाकटे भावंड आजारी पडले, तर आईचा दिवसाचा रोज बुडू नये म्हणून मोठ्या मुलीची शाळा बुडते. ऐन परीक्षेच्या दिवसांत झोपड्या पाडल्या गेल्या, तर मूल घर आणि वर्ग दोन्ही एकाच दिवशी गमावते. येथे अभाव हा संस्काराचा विषय राहत नाही; तो व्यवस्थेचा विषय होतो. म्हणून या मुलाला लेखणीत पकडण्यासाठी केवळ करुणा पुरत नाही. करुणेला मुलाचे अश्रू दिसतात. त्याचा हजेरीपट दिसत नाही.

३

या संदर्भात एका कालगणनेकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. भारतीय संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने, संविधान अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्याचे निदेशक तत्त्व घालून दिले होते. ही मुदत १९६० मध्ये संपली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे जे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात मांडले होते आणि जे १९१२ मध्ये फेटाळले गेले, त्याला त्या वेळी जवळजवळ अर्धशतक होत आले होते. मुदत उलटल्यानंतरच्या तीन-चार वर्षांतच मराठीत तीन पुस्तके आली : नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह (१९६२), जयवंत दळवी यांची 'चक्र' ही कादंबरी (१९६३), आणि बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह (१९६३). या लेखकांनी संविधानातील मुदतीचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून लिहिले, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु शासनाच्या अहवालांत जे मूल केवळ आकड्याच्या रूपाने राहिले, ते या पुस्तकांच्या सुमारास मराठी साहित्यात आपल्या चेहऱ्यानिशी येऊ लागले, हे मान्य करावे लागते.

त्यांपैकी 'चक्र' ही कादंबरी मराठीतील एक धीट कृती होय. मुंबईच्या झोपडपट्टीतील अम्मा, तिचा मुलगा बेन्वा आणि त्या मुलाला आदर्श वाटणारा लुका यांचे जीवन दळवींनी नीतीचा दंडुका हाती न घेता रंगविले. त्यांची माणसे दीनवाणी नाहीत; त्यांना वासना आहेत, थट्टा आहे, घराचे स्वप्न आहे. मध्यमवर्गीय वाचकाच्या दयाबुद्धीला ही कादंबरी जागा देत नाही, हे तिचे मोठे यश आहे. बेन्वाचे जे काही शिक्षण होते ते या वस्तीत, लुकाच्या सावलीत होते. आणि रोगाने पोखरलेला लुका हाच त्याच्या भविष्याचा आरसा आहे. म्हणजे येथेही शरीर आणि शिक्षण एकत्र आलेले आहेत, पण उलट्या क्रमाने : जो गुरू, तोच रोगी.

तथापि कादंबरीच्या नावातच तिची मर्यादा सूचित होते. चक्र म्हटले, की ते आपोआप फिरते. त्याला फिरविणारा हात दाखविण्याची गरज उरत नाही. वस्तीबाहेरील नगर हे या कादंबरीत प्रामुख्याने पोलीस, कारवाई आणि पाडापाड या रूपांनी आत येते. शाळा, दवाखाना, पालिकेचे कारकुनी टेबल या ज्या ठिकाणी मुलाचे भवितव्य रोज थोडे थोडे ठरत असते, त्यांना तेथे फारसे स्थान मिळत नाही. परिणामी जे सामाजिक आहे ते नियतीसारखे भासू लागते.

हा दोष केवळ विषयाचा नसून रचनेचा आहे, हे मलयाळममधील तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'तोट्टियुडे मकन' (१९४७) या कादंबरीशी तुलना केली असता स्पष्ट होते. अलेप्पी शहरातील मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांच्या तीन पिढ्यांची ही कथा आहे. बापाकडून मुलाकडे बादली जाते, येथून तिचा आरंभ होतो. म्हणजे चक्र येथेही आहे. परंतु दुसऱ्या पिढीतील चूडलमुत्तू आपल्या मुलाला मोहन हे नाव देतो, त्याला या कामापासून दूर ठेवण्याचा आणि शाळेत घालण्याचा ध्यास घेतो. आणि त्या ध्यासाच्या आड नगरपालिका, तिचे अधिकारी, मजुरीचा व्यवहार आणि अखेर कॉलऱ्याची साथ हे सारे एकेक करून उभे राहतात. जो माणूस शहराची घाण वाहून शहराला रोगापासून वाचवितो, त्यालाच साथ गाठते, आणि त्याच्या मृत्यूबरोबर मुलाची सुटकाही संपते. येथे चक्राचा प्रत्येक आरा स्वतंत्रपणे दिसतो. कोणत्या जागी ते थांबविता आले असते, हे वाचकाला कळते. आणि ते कळते म्हणूनच ते न थांबण्याची वेदना अधिक होते. शोकात्मिकेला पर्यायाची जाणीव लागते. जेथे दुसरे काही घडूच शकत नव्हते, तेथे दुःख असते, शोकात्मता नसते.

मुल्कराज आनंद यांच्या 'कुली' (१९३६) या इंग्रजी कादंबरीची आखणीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डोंगरी गावातून बाहेर पडलेला मुनू हा पोर घरगड्यापासून मुंबईच्या गिरणीपर्यंत आणि तेथून सिमल्याच्या रिक्षापर्यंत ढकलला जातो, आणि कोवळ्या वयातच क्षयाने मरतो. त्याच्या हातून सुटणारी पहिली वस्तू शाळा आहे, आणि शेवटची, श्वास. या दोन टोकांमधील अंतर म्हणजेच कादंबरी. आनंद यांच्या लेखनात प्रचाराचा सूर अनेक ठिकाणी चढतो, हा आक्षेप खरा असला, तरी शाळा सुटणे आणि फुप्फुस निकामी होणे या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत, हे त्यांनी कथेच्या अंगानेच सिद्ध केले.

४

मराठीत शाळेच्या उंबरठ्यावर दृष्टी स्थिर केली ती प्रामुख्याने बागूल आणि सुर्वे या दोघांनी. बागूलांच्या 'आई' या कथेचा आरंभ वर्गात होतो. शिक्षक मातेच्या वात्सल्याची कविता शिकवीत आहेत आणि वस्तीतील एक मुलगा ती तल्लीन होऊन ऐकत आहे. वर्ग सुटताच इतर मुले त्याच्याच आईच्या चारित्र्यावरून त्याला टोचतात. कवितेने जे दिले, ते मुलांच्या तोंडून क्षणात हिरावले जाते. बागूलांच्या शैलीत ठिकठिकाणी आवेग अनावर होतो आणि विशेषणांची दाटी होते, ही टीका सर्वस्वी निराधार नाही. परंतु या आरंभात त्यांनी जे साधले ते असाधारण आहे. पाठ्यपुस्तकातील आई आणि वस्तीतील आई यांच्यातील अंतर त्यांनी एका मुलाच्या मनात उभे केले. मूल शाळेत पोहोचले म्हणजे प्रश्न सुटला, या समजुतीला मराठी कथेने दिलेले हे एक निर्णायक उत्तर आहे. शाळेत अक्षराबरोबर लाजही शिकविली जाते, आणि लाज शिकलेले मूल उद्या कोणतेही कारण सांगून घरी राहते.

सुर्वे यांचे स्थान या विषयात अगदी वेगळे आहे, कारण ते या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. टाकून दिलेले मूल म्हणून गिरणी कामगार दाम्पत्याच्या घरी ते वाढले. लहानपणीच पोटासाठी मिळेल ते काम त्यांना करावे लागले. मुंबईच्या महापालिकेच्या शाळेत ते आधी शिपाई होते, आणि पुढे शिक्षक झाले. त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ' असे आहे. हे नाव पुष्कळदा अभिमानाचे उद्गार म्हणून वाचले जाते. वस्तुतः त्यात एका अभावाची नोंदही आहे : ज्याला खरे विद्यापीठ मिळाले नाही, त्यालाच रस्त्याला विद्यापीठ म्हणावे लागते.

वेश्यावस्तीतील एक आई आपल्या मुलाचे नाव शाळेत घालण्यास येते, आणि रजिस्टरात बापाचे नाव काय लिहावे या प्रश्नापाशी सारे अडते, अशा आशयाची सुर्वे यांची कविता महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली आहे. तिच्यातील आईच्या धिटाईने श्रोते हेलावतात, सभागृहात टाळ्या पडतात. आणि त्या टाळ्यांत कवितेतील खरा पेच बहुधा हरवतो. तो पेच भावनेचा नाही. तो रजिस्टरातील एका रिकाम्या रकान्याचा आहे. एका रकान्याअभावी एक मूल शाळेबाहेर राहू शकते, हे सुर्वे यांना ठाऊक होते. कारण त्यांचे स्वतःचे आडनावही दुसऱ्याच्या वात्सल्याने दिलेले होते, आणि प्रवेशाच्या टेबलाची शाळेच्या आतली बाजूही त्यांनी पाहिली होती. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाच्या दाखल्याअभावी कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कागदपत्रांवर आईचे नाव लावणे बंधनकारक केले. जो प्रश्न कायद्याच्या भाषेत येण्यास इतकी वर्षे लागली, तो मराठी कवितेने फार आधी विचारला होता. साहित्य समाजाला उपयोगी पडते ते बहुधा अशा रीतीने : ते उपाय सांगत नाही, ते अडचणीची नेमकी जागा दाखविते.

५

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनापासून मराठीत एक नवे युग सुरू झाले. गोदीत काम करणारा बाप, कागद-चिंध्या वेचणारी आई, आणि मुंबईतील कावाखान्याची कोंदट वस्ती यांचे जे चित्रण त्या पुस्तकाच्या पूर्वार्धात येते, ते नागर दारिद्र्यातील बालपणाचे मराठीतील एक श्रेष्ठ चित्रण आहे. बाळपण मुंबई आणि गाव यांत विभागले जाते, आणि शिक्षणाची वाट तालुक्याच्या गावातील वसतिगृहातून जाते. या पुस्तकात कोठेही दुःखाचे प्रदर्शन नाही. उलट स्वतःविषयीचा एक प्रकारचा संकोच आहे, जो लेखकाने आपल्याच दुसऱ्या रूपाशी संवाद मांडून व्यक्त केला आहे. शिकून बाहेर पडलेला माणूस आणि वस्तीत मागे राहिलेला मुलगा यांची ती भेट आहे.

आत्मकथनांच्या या समृद्ध परंपरेने मराठी साहित्याचा नकाशा बदलला, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. आत्मकथन लिहिणारे मूल हे अपरिहार्यपणे शाळेत टिकलेले मूल असते. जे टिकले नाही, ते लिहीत नाही. त्यामुळे वाचकाच्या मनात नकळत अशी समजूत रुजते, की जिद्द असली म्हणजे शाळा मिळते आणि शाळा मिळाली म्हणजे माणूस वर येतो. लेखकांचा हा दावा नाही. पवारांचा तर मुळीच नाही. तो वाचकाने काढलेला सोयीस्कर निष्कर्ष आहे. परंतु प्रस्तावना, सत्कार आणि परीक्षणे यांनी त्याला खतपाणी घातले आहे. ज्या समीक्षेने या पुस्तकांचे स्वागत संघर्षगाथा या एकाच शब्दाने केले, तिने यशस्वी मुलाकडे पाहताना त्याच्या बाकावरील दुसऱ्या मुलाकडे पाठ फिरविली. तो दुसरा मुलगा कदाचित अधिक हुशार होता. त्याला फक्त दर पावसाळ्यात ताप येत असे.

मागे राहिलेल्यांत मुलींची संख्या मोठी असणार, हे सांगावयास नको. कडेवर धाकटे भावंड घेऊन शाळेच्या कुंपणाबाहेर उभी असलेली मुलगी शहरातील कोणत्याही वस्तीत दिसते. मराठी कथेत ती बहुधा पार्श्वभूमीत दिसते. तमिळमध्ये जयकांतन यांनी 'उन्नैप्पोल् ओरुवन्' या कथेत मद्रासच्या झोपडवस्तीतील चिट्टी या मुलाच्या हाती, बाळंतपणात आई गेल्यानंतर, तान्ह्या बहिणीला सोपविले. आईचे आरोग्य, अर्भकाचे जगणे आणि मोठ्या मुलाचे बालपण हे तिन्ही प्रश्न तेथे एका चित्रात एकवटले आहेत. दिल्लीत १९६९ साली बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू करणाऱ्या मीरा महादेवन यांच्या कार्याच्या मुळाशी हेच निरीक्षण होते, की तान्ह्या मुलासाठी पाळणा बांधला, तरच मोठ्या मुलीला पाटी मिळते. मराठी कथेने हे निरीक्षण अद्याप पुरते आपलेसे केलेले नाही. अरुण साधू यांनी 'झिपऱ्या'त लोकलगाड्यांत बूटपॉलिश करणाऱ्या मुलांचे जग उभे केले, त्यांच्या टोळीतील स्नेह आणि धाक दोन्ही दाखविले. तशी एखादी कादंबरी कडेवर मूल घेतलेल्या मुलीच्या वाट्याला यावयास हवी.

६

या सर्व विवेचनावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो मराठीत जुना आहे. साहित्य म्हणजे खातेनिहाय अहवाल नव्हे. कादंबरीत दवाखाना नाही, शाळेचे रजिस्टर नाही, म्हणून तिला उणे लेखणे हा समीक्षेचा मार्ग नव्हे, असे म्हटले जाईल. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित असलेल्या कला आणि जीवन या वादात ही भूमिका एका पक्षाने हिरिरीने मांडली होती. तिच्यात तथ्य आहे. समाजाचा तपशील जितका अधिक, तितकी कृती श्रेष्ठ, असे मानले तर पालिकेच्या वार्षिक अहवालाला पारितोषिक द्यावे लागेल.

परंतु येथील मागणी तपशिलाची नाही. ती कार्यकारणाची आहे. पात्र जिवंत होते ते त्याच्यापुढे निवड उभी राहते तेव्हा. गरीब वस्तीतील मुलाची निवड फार लहान असते : आज नळावर जावे की शाळेत, आलेल्या तापाविषयी आईला सांगावे की लपवावे, दुपारचा घास स्वतः खावा की बहिणीसाठी खिशात घालावा. या लहान निवडी ज्या ठिकाणी घडतात, त्या जागा लेखकाने पाहिल्या नाहीत, तर त्याच्या हाती दोनच पर्याय उरतात : मुलाला देवदूत करणे अथवा भावी गुन्हेगार करणे. मराठीत दोन्ही प्रकारची मुले मुबलक आहेत. साधे मूल, जे आठवड्यातून चार दिवस शाळेत जाते, ज्याला गणित आवडते पण पावकी-निमकी येत नाही, ज्याच्या पोटात जंत आहेत आणि जे खिडकीजवळच्या जागेसाठी भांडते, ते दुर्मिळ आहे. हा अभाव समाजशास्त्राचा नाही. तो कल्पनाशक्तीचा आहे.

दुपारच्या जेवणाचे उदाहरण घेता येईल. मद्रास शहराच्या पालिका शाळांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच मुलांना दुपारचे अन्न देण्याचा प्रयोग झाला. कामराज यांच्या कारकिर्दीत तो राज्यभर पसरला. १९७५ मध्ये लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. १९९५ मध्ये प्राथमिक शाळांच्या पोषण आहाराची राष्ट्रीय योजना आली. आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे, असा आदेश दिला. शासनाच्या भाषेत हा इतिहास योजनांचा आहे. साहित्याच्या भाषेत तो एका पंगतीचा इतिहास आहे, ज्या पंगतीत पहिल्यांदाच वस्तीतील सर्व जातींची मुले एका भांड्यातील अन्न खात होती, किंवा खाण्यास नकार देत होती. उष्टे मागून आणावे लागते म्हणून दगडाचा मार मुकाट्याने सोसणारी मुले मुक्तेने १८५५ साली दाखविली होती. तेथपासून हक्काने वाढलेल्या ताटापर्यंतचे अंतर हा कादंबरीचा विषय नव्हे काय? भारतीय भाषांतील लेखकांनी त्याकडे पुरेसे पाहिले आहे, असे म्हणता येत नाही.

७

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील साडेसहा कोटी लोक झोपडपट्ट्यांत राहत होते, आणि बृहन्मुंबईत हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ४१ टक्के होते. म्हणजे मराठीच्या सर्वांत मोठ्या शहरातील बालपणाचा फार मोठा भाग या वस्त्यांत घडतो. तो मराठीतच घडतो असे नाही. धारावीतील मूल घरी तमिळ, गल्लीत हिंदी आणि शाळेत आणखी एखादी भाषा बोलत असते. या मुलाच्या जिभेवरील तीन भाषांचा खेळ, त्याची चूक, त्याची थट्टा आणि त्याचा वर्गातील मुकेपणा हे सारे मराठी गद्यापुढील आव्हान आहे. प्रमाणभाषेत बोलणारा झोपडपट्टीतील मुलगा हा जितका खोटा, तितकाच केवळ शिव्यांत बोलणाराही.

शिक्षण हा २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क ठरला, आणि त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. हक्क मिळाल्याने साहित्याचे काम संपत नाही, ते बदलते. जोपर्यंत हक्क नव्हता, तोपर्यंत मुलाची उपेक्षा दाखविणे पुरेसे होते. आता नाव पटावर असूनही मूल वर्गात का नाही, आणि वर्गात असूनही त्याचे लक्ष फळ्यावर का नाही, हे दाखवावे लागेल. त्यासाठी लेखकाला रात्रभर खोकणाऱ्या आईचा आणि सकाळच्या प्रार्थनेला उशिरा आलेल्या मुलाचा संबंध जोडता आला पाहिजे. शिक्षकाला तो संबंध न जोडता छडी उगारण्याची मुभा व्यवस्थेने दीर्घकाळ दिली. लेखकाला ती मुभा नाही.

समीक्षेलाही नाही. गरीब मुलाविषयीच्या साहित्याकडे पाहताना मराठी समीक्षेने आजवर त्यातील करुणेची खोली किंवा विद्रोहाची धार यांचे मापन केले. ही दोन्ही परिमाणे आवश्यक आहेत. पण ती मुलाविषयी कमी आणि लेखकाविषयी अधिक सांगतात. तिसरे एक परिमाण मुक्तेच्या निबंधात पूर्वीच उपलब्ध आहे. ज्या कृतीत मुलाचे शरीर आणि त्याची शाळा एकाच नजरेने पाहिलेली आहेत, तीच कृती त्या मुलाविषयी खरे बोलते. सुर्वे यांच्या कवितेतील रिकामा रकाना, बागूलांच्या कथेतील वर्ग, पवारांच्या आत्मकथनातील मागे राहिलेला मुलगा, ही त्या नजरेची मराठीतील साक्ष आहे. शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने पुण्याच्या गरीब वस्तीतून जे लिहिणे सुरू केले, ते अद्याप पूर्ण झालेले नाही.